सटवाईच्या रात्रीची कावीळ

आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत आषाढ-श्रावणात सूर्यदर्शन दुर्लभ होते, भातखाचरे तुडुंब भरतात, लोणावळ्याचा घाट धुक्यात बुडून जातो. अशा दिवसांत जन्मलेल्या बालकाची कातडी पिवळी पडली, तरी बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत ती कोणाच्या दृष्टीस पडेलच असे नाही. नवजात बालकाची कावीळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिगेस पोचते, म्हणजे घरची माणसे पाचवी पूजून सटवाईची वाट पाहत असतात नेमक्या त्याच सुमारास. बहुतेकांची ती आपोआप ओसरते. परंतु मातेचे रक्त आरएच ऋण व बालकाचे धन असेल, मूल अपुऱ्या दिवसांचे असेल, किंवा त्याच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे द्रव्य कमी असताना डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवलेली दुपटी त्याला गुंडाळली असतील, तर बिलिरुबिन हे पित्तद्रव्य मर्यादा ओलांडून मेंदूच्या गाभ्यातील चलननियामक केंद्रांत शिरू शकते आणि तेथील पेशी कायमच्या मारू शकते.

याचा एक परिणाम म्हणजे अथेटोसिस हा अनैच्छिक हालचालींचा विकार, ज्याचे वर्णन न्यूयॉर्कच्या विल्यम हॅमंड यांनी १८७१ साली केले. जन्माच्या वेळी श्वास कोंडल्यानेही तो होतो. मूल वाटीकडे हात नेते. बोटे एकेक करून फाकतात, मनगट संथपणे वळते व उलटे फिरते, मान एका बाजूस ओढली जाते, आणि वाटी हाती येण्यापूर्वीच कलंडते. घाई, भीती वा आनंद यांनी हे चलन वाढते, गाढ झोपेत मात्र पूर्ण थांबते. बुद्धी पुष्कळदा शाबूत असते, केवळ वाणी अस्पष्ट, आणि काविळीतून आलेल्या विकारात कानही अधू. तरीही गावकी अशा मुलाला वेडे ठरवून मोकळी होते, हा अन्याय मला विकाराहून असह्य वाटतो. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापून अशा मुलांच्या शिक्षणाचा पाया घातला, आणि त्यांची कन्या मालिनी चिब यांनी सेरेब्रल पाल्सीसह, म्हणजे बालमेंदूच्या इजेतून येणाऱ्या चलनविकारासह, जगत, करंगळीने टंकन करून आपले आत्मकथन सिद्ध केले.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रियांना प्रयोगशाळेच्या मोजमापाखाली आणले. तीच मोजमापाची कसोटी या विकाराच्या उपचारांना लावली, तर मेलेली पेशी व्यायामाने वा औषधाने जिवंत होत नाही, व्यायामोपचाराने फक्त हातापायांचा उपयोग वाढतो, हे मान्य करावे लागते. म्हणून सारा भर प्रतिबंधावर. इंग्लंडातील रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ साली सिस्टर जीन वॉर्ड यांच्या ध्यानात आले, की उन्हात ठेवलेल्या बालकाचा पिवळेपणा उघड्या अंगावर फिका पडतो आणि झाकलेल्या भागी तसाच राहतो. त्या निरीक्षणातून निळ्या प्रकाशाचा उपचार निघाला. १९६८ पासून आरएच ऋण मातांसाठी अँटी-डीचे इंजेक्शन मिळू लागले, आणि आरएचचा धोका पुष्कळ उणावला.

आशा कार्यकर्ती तिसऱ्या व सातव्या दिवशी घरी येते. तिने बालकाला खिडकीपाशी उजेडात आणून नाकाचा शेंडा, छाती व तळपाय बोटाने दाबून पाहावेत. पिवळेपणा तळपायापर्यंत उतरला असेल, किंवा पहिल्या चोवीस तासांतच दिसला असेल, तर पाचवीचे पूजन उरकण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी, आणि मूल दूध ओढेनासे झाले असेल तर मध्यरात्रीही.