सीमेवरचे मनोरे आणि कंपनीचा ताळेबंद

ॲरिझोनात मेक्सिकोच्या सीमेलगत रडार आणि कॅमेरे बसवलेले मनोरे दिसतात. त्यांचं कंत्राट २०१४मध्ये इस्रायलच्या ‘एल्बिट सिस्टिम्स’च्या अमेरिकी उपकंपनीला मिळालं. त्यावरून काही समज पसरले आहेत.

‘१४.५ कोटी डॉलरचं कंत्राट म्हणजे तेवढे पैसे कंपनीच्या खात्यात.’ मुळीच नाही. सरकार कामाचे भाग पाडून त्यांचे आदेश काढतं. इथे सुरुवात नोगालेस परिसरापासून झाली. काम होईपर्यंत ही रक्कम ऑर्डर बुकात, म्हणजे हाती आलेल्या पण अपुऱ्या कामांच्या नोंदीत, राहते आणि काम होईल तसतशी उत्पन्नात येते. ऑर्डर बुकालाच विक्री समजणारे गुंतवणूकदार इथेच फसतात. प्रमाणही पाहावं: २०१३मध्ये एल्बिटचं उत्पन्न सुमारे २.९ अब्ज डॉलर होतं, म्हणजे हे अख्खं कंत्राट त्याच्या पाच टक्केच, तेही अनेक वर्षांत विभागलेलं.

शिवाय कंत्राट ठरावीक किमतीचं होतं. खर्च वाढला तर तो विक्रेत्याच्या माथी, आणि तोटा होणार असं दिसताच हिशेबात त्याची पूर्ण तरतूद लगेच करावी लागते. सरकारने हा कडकपणा धरला, कारण आधीचा अनुभव महागात पडला होता. बोइंगकडे दिलेला सीमेवरच्या टेहळणीचा ‘एसबीआयनेट’ प्रकल्प जानेवारी २०११मध्ये गुंडाळला, तेव्हा सुमारे १ अब्ज डॉलर खर्चून ॲरिझोनाची जेमतेम ५३ मैल सीमा त्याच्या नजरेखाली आली होती. बोइंग तर अस्सल अमेरिकी कंपनी!

‘परदेशी कंपनी, तिला कोण विचारतंय?’ एल्बिटचा शेअर तेल अवीव शेअर बाजारासोबत अमेरिकेच्या नॅस्डॅकवरही आहे. त्यामुळे एसईसी या अमेरिकी बाजार नियामकाकडे ‘२०-एफ’ हा लेखापरीक्षित वार्षिक अहवाल तिला वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत द्यावा लागतो. अमेरिकी कंपन्यांना सक्तीचा असलेला तिमाही अहवाल मात्र अशा परदेशी कंपन्यांना त्या नमुन्यात द्यावा लागत नाही. सवलत आहे, पण मोकळीक नव्हे.

‘सीमेची चावी परक्यांच्या हाती गेली.’ काम टेक्सासातल्या फोर्ट वर्थच्या उपकंपनीचं आहे. ती अमेरिकी संरक्षण खात्याशी केलेल्या विशेष सुरक्षा कराराखाली चालते, आणि गोपनीय माहितीपासून परदेशी मालकाला दूर ठेवणं हाच त्या कराराचा हेतू आहे.

‘अहवाल वाचला की कोणी काय घेतलं ते कळतं.’ हा समज सुशिक्षितांमध्ये जास्त. एल्बिटच्या घोषणांत बऱ्याचदा ग्राहकाचं नावच नसतं. ‘आशिया-प्रशांत भागातील एक देश’ इतक्यावर भागवलेलं असतं. नियामकाला हवं असतं ते गुंतवणूकदाराला लागणारं: उत्पन्न, जोखीम, तोटा. सरकारने नेमके किती डॉलर कोणत्या आदेशावर दिले, हे अमेरिकेपुरतं तरी ‘यूएसएस्पेंडिंग’ या सरकारी संकेतस्थळावर शोधावं लागतं.