ऑफसेट म्हणजे नेमकं काय? नागपूरपासून आपल्या ॲव्हलॉनपर्यंत



भारताच्या शस्त्रखरेदीची बातमी आली की गप्पांमध्ये 'ऑफसेट' हा शब्द हमखास येतो. २०१८-१९ मध्ये राफेलवरून तर घराघरात वाद रंगले. कोणी म्हणे, "तीस हजार कोटी एका कंपनीला दिले!" कोणी म्हणे, "अहो, उलट नागपूरला कारखाना आला!" पण यात पैसे नक्की कोण कोणाला देतं? राजकारण बाजूला ठेवून हे सोप्या भाषेत मांडायचा आम्ही प्रयत्न केला आहे.

लग्नाचं जेवण आणि ऑफसेट

समजा, गावी लग्न आहे आणि केटरर पुण्याहून येणार आहे. बिल १० लाखांचं. गावकरी म्हणतात, "सगळा पैसा बाहेर जाणार, मग गावाला काय?" म्हणून अट घातली जाते: निम्म्या रकमेची, म्हणजे ५ लाखांची खरेदी केटररने याच गावातून करायची.

त्याने याच लग्नासाठी गावातून तांदूळ आणि भाजी घेतली, तर तो थेट ऑफसेट. आपल्या पुण्यातल्या हॉटेलसाठी गावचा गूळ नेला, तर अप्रत्यक्ष ऑफसेट. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ५ लाख रुपये यजमान दुकानदाराला देत नाही; केटरर स्वतःच्या धंद्यातून माल घेतो. दुसरी, या अटीचा जो त्रास केटररला होतो, तो ताटाच्या दरात हळूच धरला जातो. फुकट काहीच नसतं!

भारतातले नियम

भारताने २००५ मध्ये संरक्षण खरेदीच्या नियमांत ऑफसेट आणला. ३०० कोटी रुपयांवरच्या आयातीत किमान ३० टक्के रकमेचं काम भारतात द्यायचं, असा तो नियम होता. २०१६ मध्ये ही मर्यादा २००० कोटींवर नेली.

२०१२ च्या नियमांत आणखी एक गंमत होती. लहान उद्योगाकडून केलेल्या १०० रुपयांच्या खरेदीचे १५० रुपये मोजले जायचे, आणि संरक्षण संशोधन संस्थेला (डीआरडीओ) हवं असलेलं तंत्रज्ञान दिलं तर थेट तिप्पट मोजणी शक्य होती. हेतू चांगला होता. पण याचा अर्थ असा, की १०० कोटींचा ऑफसेट म्हणजे १०० कोटी रुपये आलेच असं समजू नये.

राफेल आणि मिहान

सप्टेंबर २०१६ मध्ये भारताने फ्रान्सकडून ३६ राफेल विमाने घेतली. किंमत सुमारे ७.८७ अब्ज युरो आणि ऑफसेट ५० टक्के. वादातला 'तीस हजार कोटी' हा आकडा इथून आला. पण ती जबाबदारी दसॉ आणि तिच्या साथीदार कंपन्यांची मिळून होती, आणि काम अनेक भारतीय कंपन्यांत वाटायचं होतं. नागपूरच्या संयुक्त कंपनीचा वाटा सुमारे १० टक्के असल्याचं दसॉने २०१८ मध्ये सांगितलं. हा भागीदार कोणी निवडला, यावर मोठा वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये चौकशीच्या याचिका फेटाळल्या आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये फेरविचाराच्याही.

नागपूरच्या मिहानमध्ये दसॉ-रिलायन्स कारखान्याची पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली. तिथे राफेल बनत नाही! तिथे फाल्कन या खासगी जेट विमानांचे भाग बनतात, म्हणजे केटररने हॉटेलसाठी नेलेला गूळच. पण सुरुवात सुट्या भागांनी झाली, आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण फाल्कन २००० विमान नागपूरला जोडण्याची घोषणा झाली. तिथलं पहिलं विमान २०२८ पर्यंत उडवण्याचं उद्दिष्ट आहे.

हिशेब काय सांगतो?

भारताच्या महालेखापालांचा (कॅग) अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत आला. २००५ ते मार्च २०१८ या काळात ६६,४२७ कोटी रुपयांचे ४६ ऑफसेट करार झाले होते. डिसेंबर २०१८ पर्यंत त्यातले १९,२२३ कोटींचे काम व्हायला हवे होते. कंपन्यांनी ११,३९६ कोटींचा दावा केला, आणि तोवर मान्य झाले फक्त ५,४५७ कोटी. म्हणजे शंभरातले जेमतेम अठ्ठावीस! उच्च तंत्रज्ञान भारताला मिळाल्याचे एकही उदाहरण कॅगला आढळले नाही. डीआरडीओला कावेरी इंजिनासाठी राफेलच्या ऑफसेटमधून मदत हवी होती. तेही तोवर पक्के झाले नव्हते.

त्याच वर्षी सरकारने नियम बदलले. दोन सरकारांमधल्या थेट खरेदीत आणि एकाच विक्रेत्याकडून होणाऱ्या खरेदीत ऑफसेटची सक्ती काढून टाकली.

आपल्या शेजारचं उदाहरण

क्रेगीबर्नहून जिलाँगच्या दिशेने तासाभरावर ॲव्हलॉन आहे. आपल्यापैकी बरेच जण मुलांना तिथला एअर शो दाखवायला नेतात. ऑस्ट्रेलियाने १९७० मध्येच ऑफसेटचं धोरण आणलं होतं. १९८१ मध्ये ७५ हॉर्नेट लढाऊ विमाने घ्यायचं ठरलं, आणि त्यातली ७३ विमाने १९८५ ते १९९० या काळात ॲव्हलॉनला जोडली गेली. तयार विमाने आणण्यापेक्षा हे महाग पडलं. पण कामगार आणि इंजिनियर ते विमान आतून-बाहेरून शिकले. हॉर्नेट २०२१ पर्यंत हवाई दलात होती.

ऑगस्ट २०२४ मध्ये तिथेच कोरियाच्या हानव्हा कंपनीचा कारखाना सुरू झाला. तिथे ऑस्ट्रेलियन सैन्यासाठी हंट्समन तोफा बनतात. याला कोणी ऑफसेट म्हणत नाही, पण विचार तोच: पैसा बाहेर जाणार असेल तर काम इथे राहू दे.

मग आपण काय बघायचं?

पुढच्या वेळी '५० टक्के ऑफसेट' अशी बातमी वाचली की तीन प्रश्न विचारा. काम नेमकं कोणतं आलं? किती रकमेचं काम तपासून मान्य झालं? आणि करार संपल्यावर आपल्या माणसांच्या हातात कोणतं कौशल्य उरलं? टक्केवारी करारावर सही होते त्या दिवशी ठरते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळायला दहा-वीस वर्षं लागतात.

नागपूरकडची मंडळी आपल्यात बरीच आहेत. मिहानबद्दल तुमच्या माहितीतलं काही असेल तर जरूर लिहून पाठवा. आणि यापुढे एअर शोला गेलात, की मुलांना एवढं नक्की सांगा: इथेच एकेकाळी लढाऊ विमाने जोडली जायची!