गणवेश उतरल्यानंतरची विद्या

सैन्यातील सेवा संपवून पुन्हा विद्यापीठाची पायरी चढू पाहणाऱ्याचे आपल्याकडे तोंडभर कौतुक होते. त्याची सोय मात्र होत नाही. अल्पसेवा कमिशनवर दाखल होणाऱ्या अधिकाऱ्याचेच उदाहरण घ्यावे. त्याची सेवा सामान्यतः १० वर्षांची असते व ती आणखी ४ वर्षे वाढविता येते. वयाच्या २३ व्या वर्षी कमिशन मिळविणारा तरुण त्यामुळे ३३ व्या किंवा ३७ व्या वर्षी मोकळा होतो. हाती उपदानाची रक्कम पडते, निवृत्तिवेतन नाही. ऐन संसाराच्या वयात त्याला नवी वाट शोधावी लागते.

ही वाट संशोधनाकडे जाणारी असेल तर? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची वयोमर्यादा ३० वर्षे आहे. सैन्यसेवेबद्दल सवलत मिळते, पण ती जास्तीत जास्त ५ वर्षांची. १० वर्षे सीमेवर वा समुद्रावर काढणाऱ्यास पाच आणि १४ वर्षे काढणाऱ्यासही पाचच. ३३ व्या वर्षी परतून नव्या विषयाची एम. ए. पदवी घेईपर्यंत पस्तिशी गाठलेली असते. ३७ व्या वर्षी परतणाऱ्यास तर दार आधीच बंद झालेले असते. २०२३ पासून या शिष्यवृत्तीची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. घर चालवून अभ्यास करणाऱ्यास हा आधार थोडा नव्हे.

शिष्यवृत्ती तरुणांसाठीच असावी, असा आक्षेप घेतला जाईल. तो नवा नाही. अमेरिकेने १९४४ साली परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा भार उचलणारा कायदा केला, तेव्हा शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी विद्यापीठांचा दर्जा खालावेल, अशी भीती व्यक्त केली होती. प्रत्यक्षात १९४७ साली तेथील महाविद्यालयांत जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते व त्यांनी चिकाटीने अभ्यास करून ती भीती खोटी ठरविली. १९५६ पर्यंत सुमारे २२ लाख सैनिकांनी उच्च शिक्षण घेतले.

आपल्या गोमंतकालाही हा प्रश्न परका नाही. दाबोळीस नौदलाचा तळ आहे, वेरे येथे नौदलाचे युद्ध महाविद्यालय आहे, आणि १९८५ साली स्थापन झालेले आपले विद्यापीठ सागरविज्ञान शिकविते. ज्याने वर्षानुवर्षे समुद्र पाहिला, त्याचा अनुभव या ज्ञानशाखेस उपकारकच ठरेल. पदवी व अध्यापन यांत पडलेला दहा वर्षांचा खंड भरून काढण्यासाठी अशा विद्यार्थ्यांना विद्यापीठाने एखादा पूर्वतयारीचा वर्ग दिला, तर त्यास फारसा खर्च येणार नाही.

आयोगाकडे मागणे एवढेच की, जितकी वर्षे सेवा तितकी वर्षे सवलत मिळावी. ही मेहेरबानी नव्हे. ती वर्षे त्याने देशाला दिली आहेत. ती त्याच्या वयात धरून त्यालाच अपात्र ठरविणे न्यायाला धरून नाही.