हत्तीपाय असताना चालावे का? सुजलेल्या पायाची हालचाल, मोफत किट आणि मिळणारी मदत

पाय अनेक वर्षांपासून सुजलेला आहे. जास्त चाललो तर सूज वाढेल, पुन्हा ताप येईल, या भीतीने तुम्ही घराबाहेर पडणे कमी केले आहे का? शेतावर, बाजाराला, लग्नकार्याला जाणे टाळता का? हत्तीरोगाच्या अनेक रुग्णांना अशी भीती वाटते. त्यात तुमची काही चूक नाही. पण पाय सतत स्थिर ठेवल्याने सूज कमी होत नाही, उलट वाढू शकते. पायाला कधी विश्रांती द्यायची आणि कधी हालचाल करायची, हे या लेखात वाचा.

सूज का येते?

हत्तीरोगाचे जंतू क्युलेक्स डासाच्या चाव्यातून शरीरात शिरतात. हे जंतू लसिकावाहिन्यांमध्ये राहून त्या खराब करतात. या वाहिन्या पायातील पाणी वर वाहून नेतात. त्या खराब झाल्या की पाणी पायातच साचते.

रक्त पुढे ढकलायला हृदय आहे. लसिकेसाठी असा वेगळा पंप नाही. ती वर चढण्यासाठी पोटरीचे आणि घोट्याभोवतीचे स्नायू हलावे लागतात. म्हणूनच घोटा हलवणे आणि चालणे हा उपचाराचाच भाग आहे.

मग चालल्यावर ताप का आला?

अनेकांचा अनुभव असा असतो: दिवसभर भातलावणी केली आणि दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, पाय लाल झाला. साहजिकच दोष चालण्याला आणि कामाला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा वेगळे असते. बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या, टाचेच्या भेगा किंवा लहानशी जखम यांतून जिवाणू आत शिरतात आणि पायाला संसर्ग होतो. असे झटके वारंवार आले की सूज वाढत जाते. त्यामुळे काळजी घ्यायची ती त्वचेची. त्वचा स्वच्छ व कोरडी असेल आणि पायात चप्पल किंवा बूट असेल, तर बेताच्या चालण्याला घाबरण्याचे कारण नाही.

हालचाल कधी करू नये?

पाय लाल, गरम व दुखरा झाला असेल, ताप असेल किंवा जांघेत अवधाण आले असेल, तर व्यायाम थांबवा.

- पाय उंचावर ठेवून विश्रांती घ्या, भरपूर पाणी प्या.
- पायावर थंड पाण्याची ओली पट्टी ठेवा. शेक देऊ नका. ब्लेडने चिरू नका.
- त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.
- ताप आणि दुखणे पूर्ण थांबल्यावरच व्यायाम पुन्हा सुरू करा.

एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, किंवा दम लागला, छातीत दुखले, तर ताबडतोब रुग्णालयात जा. सूज प्रत्येक वेळी हत्तीरोगाचीच असते असे नाही. म्हणून आधी तपासणी करून घ्या. हृदयाचा आजार असल्यास पाय उंच ठेवणे व व्यायाम याबाबत डॉक्टरांना विचारा.

सुरुवात कशी करावी?

1. पाय साबण व साध्या पाण्याने धुवा. बेचक्या हलक्या हाताने टिपून कोरड्या करा. दिलेले मलम लावा.
2. खुर्चीवर किंवा ओट्यावर बसा. पंजा वर-खाली करा, मग घोटा गोल फिरवा.
3. भिंतीचा आधार घेऊन उभे राहा. दोन्ही टाचा उचला आणि हळूहळू खाली टेकवा.
4. प्रत्येक प्रकार 5 वेळा करा. त्रास झाला नाही तर 10 वेळांपर्यंत वाढवा. सकाळ-संध्याकाळ करा.
5. पादत्राण घालून अंगणात चाला. काही दिवसांनी गल्लीच्या टोकापर्यंत जा.
6. बसताना व झोपताना पायाखाली उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवा.

पाय जड वाटला तर थांबा, पाय उंच ठेवून विसावा घ्या. दुसऱ्या दिवशी थोडे कमी करा, पण पूर्ण बंद करू नका. जुनी सूज एकदम उतरत नाही. झटके कमी होणे आणि चप्पल सैल वाटू लागणे ही सुधारणेची चिन्हे आहेत.

सरकारकडून काय मिळते?

- एमएमडीपी किट: राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमांतर्गत हत्तीपायाच्या रुग्णांना मोफत दिले जाते. त्यात साधारणपणे टब, मग, साबण, टॉवेल व मलम असते. राज्यानुसार वस्तूंमध्ये फरक असू शकतो. किट घेताना पाय धुण्याची पद्धत व व्यायाम करून दाखवायला सांगा.
- अंडवृद्धीची शस्त्रक्रिया: शासकीय रुग्णालयात मोफत होते.
- दिव्यांगत्व प्रमाणपत्र: चालण्या-फिरण्यावर कायमची मर्यादा आली असेल, तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो. छायाचित्र, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा लागतो. प्रमाण वैद्यकीय तपासणीनंतर ठरते. अनेक योजनांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते.

कोणाला भेटावे?

आशाताई, आयुष्मान आरोग्य मंदिर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हत्तीरोग रुग्णांच्या यादीत तुमचे नाव आहे का, ते विचारा. नसेल तर नोंदवून घ्या. कामासाठी दुसऱ्या राज्यात राहत असाल, तर तिथल्या आरोग्य केंद्रात चौकशी करा. यासाठी कोणालाही पैसे देऊ नका.

घरच्यांसाठी

‘बसून राहा, आम्ही करतो’ असे आपण मायेने म्हणतो. त्याऐवजी संध्याकाळी त्यांच्यासोबत चार पावले चाला. हत्तीपाय शिवल्याने किंवा सोबत बसल्याने पसरत नाही. सोबत कोणी असेल, तर उंबरठ्याबाहेरचे पहिले पाऊल सोपे जाते.