कापूरहोळच्या फाट्यावर कुणाचे पोलीस?

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळला वाटा फुटतात. एक भोरवरून मांढरदेवीकडे जाते, दुसरी नारायणपूरमार्गे सासवडला. सुट्टीच्या दिवशी इथे गाड्यांची कोंडी ठरलेली. ती सोडवणारा खाकीतला माणूस नेमका कुणाचा, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही.

कॅनडात तो पडतो. तिथे रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस हे देशाचं दल दहापैकी आठ प्रांतांना करारावर पोलीस पुरवतं. चालू करार 2012 ते 2032 असा आहे. प्रांताने खर्चाचे 70 टक्के भरायचे, उरलेले केंद्राने. पंधरा हजारांहून मोठ्या शहराला 90 टक्के भरावे लागतात. पैसे मोजणारा मग हिशेब मागतो, प्रसंगी नकोही म्हणतो. सरे शहराने 2018 मध्ये स्वतःचं दल उभारायचं ठरवलं. 2022 मध्ये निवडून आलेल्या महापौरांना जुनंच हवं होतं. अखेर प्रांत सरकारने रेटलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सूत्रं नव्या दलाकडे गेली.

आपल्याकडे असा वाद संभवतच नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने पोलीस हा विषय राज्यांकडे दिला. कापूरहोळ राजगड पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं, ठाणं पुणे ग्रामीणच्या अधीक्षकांच्या हाताखाली आणि वरची साखळी थेट मुंबईतल्या महासंचालकांपर्यंत. कापूरहोळची ग्रामपंचायत किंवा भोरची नगरपरिषद या पोलिसांच्या पगारात दमडी घालत नाही. साहजिकच ठाण्यावर तिचा हुकूमही चालत नाही. पत्र द्यायचं, निवेदन द्यायचं, आमदारांना गाठायचं, एवढंच हाती.

महामार्ग राष्ट्रीय, पण त्यावर अपघात झाला तर पंचनाम्याला येणार ते ठाण्याचेच पोलीस. फाट्यावरून कुणी 112 फिरवला तर फोन आधी नवी मुंबईच्या केंद्रात किंवा नागपूरला वाजतो, तिथून निरोप पुणे ग्रामीणला, मग जवळच्या गाडीला. हाकेच्या अंतरावरची जीपसुद्धा अशी वळसा घालून येते!

गावाचा म्हणावा असा एकच माणूस या साखळीत आहे, पोलीस पाटील. वतनी पाटीलकी गेली आणि 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाने हे पद नव्याने बांधलं. शिवारात बेवारस प्रेत सापडलं, बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या, की ठाण्याला पहिली वर्दी त्याची. पण त्यालाही नेमतात प्रांताधिकारी, ग्रामसभा नव्हे. मानधन 2024 मध्ये साडेसहा हजारांवरून पंधरा हजारांवर गेलं, तेही राज्याच्याच तिजोरीतून.