११२ लावा, पण आधी गाव सांगा
रात्री वस्तीत मारझोड होते आणि फोन लावणारी माउली "लवकर या!" एवढेच ओरडते. अचलपूरच्या बंधू-भगिनींना आमचे सांगणे आहे की, ११२ चा फोन आपल्या ठाण्यात नव्हे, नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथल्या माणसाला आपली गल्ली कशी ठाऊक असणार? म्हणून आधी गाव सांगा: अचलपूर की परतवाडा, जिल्हा अमरावती. मग मोहल्ला, जवळचे विहार वा शाळा. मग घडले काय ते.

पुढे ठाण्यात तोंडी तक्रार दिली, तर वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. जातीवरून अत्याचार झाला तर १४५६६ हाही क्रमांक आहे. दोन्ही आकडे भिंतीवर लिहा, लेकरांकडून पाठ करून घ्या.