भोकाचा पैसा आणि चवदार तळ्याचा खेळ

छंद हा शब्द आपल्या वस्त्यांत जरा चेष्टेनेच उच्चारला जातो. दोन वेळची भाकर मिळवताना ज्याला दिवस पुरत नाही त्याने कसले छंद करावेत, असे आपली वडील मंडळी म्हणत आली. त्यातून जुनी नाणी जमवणे म्हणजे तर शेठ-सावकारांचे काम! पण आमच्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला एक काका आहेत. उभा जन्म गिरणीत गेला, आता घरी असतात. नाव छापायचे नाही, ही त्यांची अट. त्यांच्यापाशी पत्र्याची एक पेटी आहे, एक खतावणी आहे, आणि विहारात मुलांकडून ते एक आगळा खेळ खेळवून घेतात. वाचकांना त्याची ओळख करून द्यावी म्हणून हा लेख.

पेटीत सोने नाही. भोकाचा पैसा आहे. दुसऱ्या महायुद्धात तांबे वाचवावे म्हणून सरकारने १९४३ पासून पैशाच्या मधोमध भोक पाडले, तो. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली तेव्हाचा नवा पैसा आहे. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा १९९० चा एक रुपया आहे, तोही बाजारात फिरून झिजलेला. २०१५ साली सरकारने बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त १२५ रुपयांचे नाणे काढले. पण काकांना झिजलेला रुपयाच प्यारा. त्याने कुणाचे तरी मीठ-तेल आणले आहे, म्हणतात.

खतावणी पाहून आमच्यातला कारकून खूश झाला. प्रत्येक नाण्यापुढे कुणी दिले, कोणत्या गावी, किती रुपयांत, वजन किती, अशी नोंद. आजीच्या गाठोड्यातला राणीछाप रुपया सराफाकडे गेला की त्याची फक्त चांदी मोजली जाते. ११.६६ ग्रॅमचा तो तुकडा कोणत्या घरातून आला, कोणत्या अडचणीत मोडला गेला, हे कुणी लिहीत नाही. काका लिहितात. याच रुपयाचा प्रश्न घेऊन बाबासाहेबांनी लंडनमध्ये प्रबंध लिहिला, तो १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने प्रसिद्ध झाला. रुपया घसरल्याने व्यापाऱ्याला जो लाभ होतो तो देशाचा लाभ नव्हे, तो एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या खिशातून काढलेला असतो, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. बी. कॉम. करताना आम्ही चलनावर पानेच्या पाने पाठ केली, पण हे पुस्तक वर्गात कुणी हातात दिले नाही.

जुन्या काळासाठी लांब जायला नको. धाम नदीकाठचे आपले पवनार घ्या. १९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव आणि डॉ. म. के. ढवळीकर यांनी तिथे उत्खनन केले. वाकाटक राजांनी नाणी पाडलीच नाहीत, असे अभ्यासक फार दिवस मानत होते. पुढे पवनार भागात मिळालेल्या तांब्याच्या लहान नाण्यांनी त्या मताला धक्का दिला. तसेच नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. कोण हरला, कोण जिंकला, हे त्या धातूवरच वाचता येते.

म्हणूनच काका एका गोष्टीवर चिडतात. पांढरीच्या टेकाडावर पावसानंतर पोरे नाणी वेचतात आणि चिंचेने घासून लख्ख करून विकतात. घासले की अक्षरे गेली, आणि जागा सोडली की पुरावा गेला. कायदाही आहे. जमिनीत सापडलेल्या जुन्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. १८७८ पासून हा नियम आहे. शिवाय फसवणूक वाढली आहे. १८१८ सालचे, रामदरबाराचे चित्र असलेले 'कंपनी सरकारचे' नाणे म्हणून जे दाखवतात, तसे नाणे कंपनीने कधी पाडलेच नाही. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी फी भरा, असे फोन येतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली याबाबत जाहीर इशारा दिला होता. भगिनींनो, असल्या फोनला एक पैसाही देऊ नका, भोकाचासुद्धा नाही.

आता खेळाकडे येऊ. नाण्यावरून राजा कळतो. पण तळ्याच्या पायरीवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या पोटात काय कालवले असेल, ते कोणत्या नाण्यावर असणार? युरोपात इतिहासाचे शौकीन जुना पोशाख करून एखादा काळ दिवसभर जगतात. त्याचा एक प्रकार असा की त्यात संवाद लिहिलेले नसतात. प्रत्येकाने आपली भूमिका ओळखून जागच्या जागी बोलायचे. त्याला ते लाइव्ह रोल-प्ले म्हणतात. आपल्याकडे जलसे आहेत, चौदा एप्रिलच्या झांक्या आहेत. पण तिथे सगळे आधी ठरलेले. काकांनी वर्षावासात विहारात मुलांना बिनसंवादाचा खेळ दिला. विषय महाडचा, २० मार्च १९२७ चा.

डब्यात चिठ्ठ्या. एकीवर लिहिलेले, तू खेड्यातून चालत आलास, घरी सांगून आला नाहीस. दुसरीवर, तू नगरपालिकेचा सभासद, तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ साली झाला आहे, पण गावाला तुझी भीती नाही. तिसरीवर, तू दुकानदार, अस्पृश्य देवळात शिरणार अशी अफवा तुझ्या कानावर आली आहे. बाबासाहेबांची चिठ्ठी मात्र डब्यात नसते. "ते असले की पोट्टे त्यायच्याच तोंडाकडे पाहतात, सोताचं डोकं चालवत नाहीत," असे काकांचे म्हणणे. आम्हाला हे आधी खटकले. खेळ पाहिल्यावर पटले.

अफवेची चिठ्ठी आठवीतल्या एका मुलाला निघाली. तो रडकुंडीला आला. "मी काहून मारणारा होऊ, काकाजी? मी तं आपल्याकडचा आहो!" त्याची आईही नाराज झाली. काकांनी चिठ्ठी बदलली नाही. शेवटी पोरगा दुकानदार झाला, लोकांना भडकवता भडकवता मध्येच थांबला आणि समोरच्याला विचारू लागला, "पण तुमी खरंच देवळात जाणार होते का?" खऱ्या महाडात हे विचारायला कुणी थांबले नाही. मंडपाकडे परतलेल्या, जेवत असलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या आणि मग तळे शेणमुताच्या घागरी ओतून 'शुद्ध' करण्यात आले.

खेळ संपल्यावर सहावीतल्या मुलीने विचारले, मग पाणी कधी मिळाले? काकांनी सांगितले, मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ चा. तिने बोटांवर वर्षे मोजली आणि म्हणाली, म्हणजे तेव्हाची माझ्याएवढी पोर तोवर लग्न होऊन आई झाली असेल.

पुढच्या खेळाबद्दल वाद चालू आहे. मुलींना २५ डिसेंबरचे मनुस्मृती दहन हवे आहे. काका म्हणतात, आधी नगरपालिकेची सभा खेळा, ठराव कसा होतो आणि कागदावरच कसा राहतो ते समजू द्या. दोन्हींच्या मिळून चाळीस चिठ्ठ्या लिहायच्या आहेत. अक्षर बरे आहे म्हणून ते काम आमच्याकडे आले आहे, आणि सुटीच्या दिवशी आम्ही तेच करीत बसलेले असतो.